रुचिगाठ

पडद्यावर मारव्याचा आलेख वरखाली होत होता आणि त्याच्याच खाली शुभांगीच्या मेंदूचा आलेख सरळ रेघेत चालला होता. चाळीस मिनिटं झाली. गायक विलंबित संपवून द्रुत लयीत शिरला, तबलजीनं हात मोकळा सोडला, तरी ती रेघ काही हलायला तयार नाही.

काचेच्या अलीकडे प्राध्यापक मुकुंद खांबेटे उभे होते. वय त्र्याहत्तर. ध्वनिविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, पण पुण्यात लोक त्यांना ओळखायचे ते रविवारच्या संगीतविषयक सदरामुळे. सदतीस वर्षं त्यांनी ते चालवलं. अमक्याचा निषाद चढा लागला असं त्यांनी एकदा छापलं, की त्या गायकाला आठवडाभर जेवण गोड लागत नसे. आज मात्र ते स्वतःच सकाळपासून चहाच्या एका घोटावर होते.

काचेच्या पलीकडे खुर्चीत, डोक्यावर बारीक तारांची मस्तकजाळी घालून त्यांची बायको बसली होती. चार वर्षांपूर्वी विस्मृतीच्या रोगानं तिला धरलं. आधी किल्ल्या हरवायला लागल्या, मग नातेवाइकांची नावं गेली, मग गॅस कसा पेटवायचा तेही गेलं. गेल्या दिवाळीत, फराळाचं ताट पुढ्यात असताना, तिनं नवऱ्याकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" त्या दिवसानंतर तिनं मुकुंदरावांना 'अहो' म्हणून हाक मारली नव्हती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्या हाकेचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता मात्र जगात दुसरं काही नको होतं. तिनं आपल्याला एकदा ओळखावं, 'अहो' म्हणावं, एवढ्यासाठी ते तिला घेऊन वाईजवळच्या या स्मृतिसंधान केंद्रात आले होते.

"थांबवू या, औषधाचा अंमल उतरला," डॉ. शबाना मुजावर म्हणाल्या. केंद्राच्या प्रमुख त्याच होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या मिरजेच्या, आणि बोलायला अगदी रोखठोक. त्यांनी कळ दाबली, मारवा अर्ध्या तानेत तुटला. मुकुंदरावांच्या कपाळावर आठी पडली. अशा वेळीसुद्धा तान मध्येच तोडलेली त्यांना सोसवली नाही.

"सर, पुन्हा एकदा नीट सांगते."

"मी आयुष्यभर ध्वनी शिकवला आहे, डॉक्टर. मला सोपं करून सांगू नका."

"मग अवघड करून ऐका, पण ऐका. बारा ते वीस वर्षांच्या वयात माणसाला जे गाणं मनापासून आवडतं, त्याची मेंदूत एक गाठ बसते. आम्ही तिला रुचिगाठ म्हणतो. ती पेशींची खरीखुरी बांधणी असते, कल्पना नव्हे. पुढे जन्मभर ते गाणं कानावर पडत असताना जे जे घडतं, जी माणसं आसपास असतात, ते सगळं त्या गाठीला येऊन बांधलं जातं. विस्मृतीत सुट्या आठवणी आधी वाहून जातात. गाठीला बांधलेल्या आत टिकून असतात, फक्त तिथवर जायची वाट बुजलेली असते. आमचं संधायक हे औषध ती वाट मोकळी करतं. अट एकच. संधायक टोचलं की त्या वेळी तेच गाणं वाजत असलं पाहिजे."

"आणि एकदा मोकळी झाली की?"

"कायमची मोकळी. पुन्हा टोचायला लागत नाही. मात्र गाणं वाजतं आहे तोवरच. गाणं थांबलं की दोनेक मिनिटांत सगळं मावळतं."

"ते सोपं आहे. दिवसभर लावून ठेवू. आमच्या घरात नाहीतरी तेच चालतं."

"सर, संधायक तीनदाच देता येतं. चौथ्या वेळी मेंदूतल्या रक्तवाहिन्या दगा देतात. आज त्यातलं एक गेलं."

डॉक्टरांनी टेबलावरचा अर्ज उचलला. 'रुग्णाचे आवडते संगीत' या रकान्यात बहुतेक लोक एक ओळ लिहीत. मुकुंदरावांनी जोडकागद लावला होता. अकरा राग, प्रत्येकापुढे गायक, मैफिलीचं साल, ध्वनिमुद्रण कोणाकडचं, आणि शेवटी तळटीप: 'कृपया यात सुगम काही मिसळू नये.'

"हे तुम्ही कोणाला विचारून भरलंत?"

"विचारायचं काय त्यात? माझी बायको आहे ती."

"त्यांनी स्वतः कधी सांगितलं होतं?"

सांगितलं होतं की! तो प्रसंग मुकुंदरावांना लख्ख आठवत होता. पेणला गद्र्यांच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्याआधी चार मुली बघून झाल्या होत्या. चौघींनाही त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, 'गाणं कुठलं आवडतं?', आणि चौघीही सिनेमातलं म्हणाल्यावर त्यांनी बशीतले पोहे संपवून सरळ घरचा रस्ता धरला होता. पाचवी शुभांगी. तिनं मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "शास्त्रीय." संपलं. मुकुंदराव विरघळले. पुढं दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

"ही दुसरी रेघ बघा," डॉक्टर म्हणाल्या. पडद्याच्या तळाशी एक लाल रेघ चाळीस मिनिटं वरच राहिली होती. "ही दक्षतेची. आवडीशी हिचा काही संबंध नाही. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलांच्या मेंदूत आम्हाला ही अशी दिसते. मारवा लागल्यापासून त्या सावध आहेत, बस्स."

कोपऱ्यातल्या बाकावरून एक आवाज आला. "मी आधीच सांगत होते."

ही नंदा. शुभांगीची धाकटी बहीण, पेणहून आलेली, बासष्ट वर्षांची, आणि मेव्हण्याला न घाबरणारी बहुधा जगातली एकटी बाई.

"भावोजी, आमच्या बाबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, मुंजी, गणपती, सगळीकडं गद्र्यांचे कर्णे. ताई शाळेत असल्यापासून मांडवात कॅसेटी बदलायला बसायची. सिनेमातली गाणी, तीसुद्धा झंकारवाली. प्रत्येक गाण्यात मागून धाडधाड ठोका घातलेली. तेच आवडायचं तिला. आणि विसर्जनाला बेंजो पार्टीपुढं अशी नाचायची, अशी नाचायची, की आई घरात तोंड लपवून बसायची. पेणमध्ये विचारा कोणालाही."

"मग शास्त्रीय का म्हणाली?"

"स्थळ आणणाऱ्या बाईंनी पढवलं होतं. 'मुलगा गाण्यातला आहे, शास्त्रीय म्हणून टाक, पुढचं पुढं.' म्हणून टाकलं तिनं. आणि तुम्ही कुंकू लावूनच मोकळे झालात."

"लहानपणी कोण काय ऐकतं त्याला काही अर्थ नसतो," मुकुंदराव तडकून म्हणाले. "आवड घडवावी लागते. मी घडवली तिची. दर गुरुवारी आमच्याकडे बैठक व्हायची. चव्वेचाळीस वर्षं ती माझ्या शेजारी डोळे मिटून बसली आहे. मान हलत नसे तिची, इतकी रमायची."

"झोपायची हो ती!"

डॉ. मुजावरांनी घाईघाईनं कागद चाळायला घेतले.

आता खरं तर शहाण्या माणसानं त्या क्षणी नंदाचं ऐकलं असतं. पण मुकुंदराव जन्मभर नाकानं कांदे सोलत आलेले. श्रोत्यांच्या त्यांनी तीन प्रतवाऱ्या केल्या होत्या: जाणकार, रसिक आणि गर्दी. लग्नात डीजे सुरू झाला की ते जेवणाचं ताट तसंच ठेवून उठायचे. रिक्षात गाणं लागलं तर उतरून पुढची रिक्षा बघायचे. झंकार म्हणजे गाण्याच्या पाठीत घातलेली लाथ, असं त्यांनी एकदा छापलं होतं, आणि त्या वाक्याचा त्यांना आजही अभिमान होता. खांबेट्यांची बायको खांबेट्यांच्या मारव्यानं जागी होत नाही आणि असल्या धाडधाडीनं जागी होते, ही कल्पनाच त्यांना सोसेना. चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?

म्हणून त्यांनी शास्त्राचा आधार घेतला. मारवा मुळात उदास, रुग्णाला जड गेला असेल. त्या काळी घरोघरी रेडिओवर नाट्यपदं आणि भावगीतं लागायची, ती तिच्या कानावर पडलेलीच असणार. दुसरा प्रयोग त्यांचा करावा.

"माझा सल्ला तसा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नंदाताईंनी सांगितलेली गाणी आहेत ना समोर."

"संमतीपत्रावर सही कोणाची लागते?"

"तुमची."

"मग झालं तर."

तीन आठवड्यांनी दुसरं संधायक टोचलं. पाऊण तास नाट्यपदं झाली, भावगीतं झाली. रेघ सपाट. एकदाच, एका पदात ढोलकीचा ठेका जरा उठून आला, तेव्हा ती रेघ बोटभर उचलली. नंदा ताडकन उभी राहिली. डॉक्टर पडद्याला नाक लावून म्हणाल्या, "इथंच आहे, जवळच आहे कुठंतरी." पण पद पुढं सरकलं, ठेका मागे पडला, आणि थोड्याच वेळात औषधाचा अंमल उतरला.

मुकुंदराव बाहेर व्हरांड्यात गेले आणि कठड्याला धरून ढसाढसा रडले. आपण बायकोचं एक आख्खं औषध आपल्या नाकासाठी जाळलं, हे त्यांना पुरतं कळलं होतं. कोणी सांगायची गरज नव्हती. नंदा मागे येऊन उभी राहिली.

"त्या कॅसेटी आहेत अजून?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"माळ्यावर दोन पेट्या आहेत."

पेट्या आल्या. फिती चिकटल्या होत्या, काहींना बुरशी लागली होती. हे काम मात्र मुकुंदरावांचं होतं. केंद्रातल्या एका खोलीत त्यांनी दुकान मांडलं. कॅसेटीच्या दात्यात पेन्सिल घालून फीत हातानं गुंडाळायची, ओलसर कापसानं पुसायची, वाजवून घ्यायची, खरखर काढायची, पुढची घ्यायची. काटछाट करताना प्रत्येक गाणं पाच-पाच वेळा ऐकावं लागलं. सहा दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, कानात तो ठोका. सदरातून जे त्यांनी जन्मभर झोडपलं तेच आता ते जीव लावून साफ करत होते. आवडून घ्यायचाही प्रयत्न त्यांनी प्रामाणिकपणे केला. नाही जमलं. कान ऐकेनात.

पाचव्या दिवशी एका कॅसेटीच्या शेवटी गाणं संपल्यावर मांडवातला गलका लागला. कोणीतरी माइक चालू ठेवून रेकॉर्डिंग केलं होतं. भांड्यांचे आवाज, कोणाची तरी हाक, आणि मग अगदी माइकजवळ एका मुलीचा आवाज: "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग... बाबा, वाढवा की आवाज, तिकडं पंगतीत काही ऐकू येत नाहीये!" आणि खळखळून हसणं.

मुकुंदरावांनी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. आवाज तर शुभांगीचा होता, पण हे हसू त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. असं हसते ती? त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले.

तिसऱ्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी दहाला संधायक टोचलं. खोली साधीच ठेवली होती. खुर्ची, पलंग, आणि हाताशी गाणी वाजवणारी छोटी पेटी, वर एक मोठी कळ असलेली. एकेका माणसानंच आत जायचं असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. आधी नंदा, मग मुकुंदराव.

गाणं लागलं. पहिला ठोका पडला तशी पडद्यावरची रेघ थरथरली. दुसऱ्या कडव्याला ती उभीच्या उभी चढली. शुभांगीनं डोळे उघडले. कित्येक महिन्यांत त्या डोळ्यांमागे कोणी नव्हतं, आता होतं. तिची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागली, मग ओठ हलले, मग शब्द फुटले. एक शब्द चुकत नव्हता.

"नंदे," ती म्हणाली, "किती जाडी झालीस गं!"

नंदानं तिला मिठीच मारली. त्यानंतर शुभांगीला काय काय म्हणून आठवलं! बाबांचे कर्णे, मांडवाचा मालक, बेंजोवाला परश्या आणि त्याची सोन्याची दाढ, विसर्जनाच्या दिवशी तुटलेली चप्पल. आणि नुसतं पेणच नाही. पुण्यातली तळमजल्यावरची पिंगेबाई, तिची दुपारची खिचडी, भाजीवाली, स्वयंपाकघरातली खिडकी, कुंडीतली तुळस, सगळं. काचेबाहेर डॉ. मुजावर डोळे पुसत होत्या. त्यांनी मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा सर. तुमचीच पाळी."

मुकुंदरावांनी सदऱ्याची घडी नीट केली आणि दार ढकललं.

शुभांगीनं मान वळवली. तिनं ओळखलं. त्यात शंकेला जागाच नव्हती. तिचे डोळे मोठे झाले, आणि तिनं म्हटलं, "अहो... आलात?"

ती हाक त्यांच्या अंगभर गेली. आणि त्याच वेळी शुभांगीचा हात, तिचं त्याकडे लक्षही नसताना, पेटीकडे गेला आणि त्यानं कळ दाबली. गाणं बंद झालं. ती उठून उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला, चेहरा एकदम शांत, शहाणा झाला. "दोन मिनिटं हं. चहा टाकते," ती म्हणाली आणि खोलीत गॅस शोधायला लागली.

"चहा राहू दे, शुभा. बस. मी आलोय, बस ना," मुकुंदराव तिचे हात धरून आनंदानं रडत म्हणत होते. "गाणं लाव. चालू दे, मला चालेल!" त्यांनी स्वतः कळ दाबली. गाणं लागताच तिनं झडप घालून ते पुन्हा बंद केलं. मग हळूहळू तिची बोटं सैल झाली, डोळ्यांतलं माणूस निघून गेलं, आणि तिनं आपले हात त्यांच्या हातांतून सोडवून घेतले.

डॉक्टरांनी संध्याकाळी आलेख समोर ठेवले. "सर, त्यांना तुमची आठवण पूर्ण आहे. तीच तर अडचण आहे. त्या गाठीला तुम्ही एकाच जागी बांधलेले आहात, गाणं बंद करायच्या जागी. तुम्ही दिसलात की हात कळीवर जातो. कळ दाबली की सगळं मावळतं. तुमच्यासकट."

"पण घरात तर हे कधी वाजलंच नाही!"

"रोज वाजायचं, भावोजी," नंदा म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात कीव होती. "तुम्ही सहाला कॉलेजातून यायचात. तुम्ही गेल्यापासून दिवसभर हिचं चालू. पावणेसहाला बंद करून, टेपरेकॉर्डरवर कापड टाकून फळीवर ठेवायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही एकदा लवकर आलात आणि जिन्यातूनच म्हणालात, 'हे असलं कोण लावतं आपल्याकडं?' ती म्हणाली, खालच्या पिंगेबाई. बस, एवढंच झालं होतं. तुम्ही ओरडला नाहीत की काही नाही."

मुकुंदरावांना तो प्रसंग आठवतही नव्हता.

पुढचे पंधरा दिवस सगळे उपाय झाले. कळ नसलेले कर्णे छतात लपवले. मुकुंदराव आत जाताच शुभांगी कळ शोधत भिंती चाचपायला लागली, "ते आलेत, बंद कर ना गं, नंदे, बंद कर!" म्हणून रडकुंडीला आली, आणि छातीचे ठोके इतके वाढले की डॉक्टरांना गाणं थांबवावं लागलं. मुकुंदरावांना आधीपासून आत बसवून गाणं लावलं, तर गाठ उजळलीच नाही, नुसती ती लाल रेघ वर चढली.

"मी रोज तिच्याबरोबर बसून तीच गाणी ऐकतो," मुकुंदराव हात जोडून म्हणाले. "हळूहळू नवी आठवण बांधली जाईल."

"नवं बांधणारा भाग राहिलेला नाही, सर. जे बांधून झालंय तेवढंच आहे."

मग मुकुंदरावांनी आयुष्यातली पहिली शहाणी गोष्ट केली. ते एकटे पुण्याला निघून गेले. आपण तिथं नसलो तर ती दिवसभर हसेल, गाईल, नंदाशी भांडेल, माणसात राहील. एवढं आपण तिला देऊ शकतो. देऊ या. नंदानं तिच्याजवळ राहायचं आणि रोज साडेसहाला फोन करायचा, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी नंदाचा आवाज पडलेला होता. "दिवसभर मजेत होती हो. पण पावणेसहाला तिनं आपणहून बंद केलं. पेटी पुसली, वर टॉवेल टाकला, केस विंचरले आणि दाराकडं तोंड करून बसली. म्हणते, हे येतील आता."

दुसऱ्या दिवशी तसंच. भिंतीवरचं घड्याळ काढलं, खिडकीला जाड पडदा लावला, पण तिच्या अंगातली वेळ चुकेना. हे ऐकून मुकुंदरावांना वेडी आशा वाटली. बंद झाल्यानंतरची ती दोन मिनिटं! तेव्हा तिला सगळं आठवत असतं, आणि ती आपलीच वाट बघत असते. तेवढी दोन मिनिटं आपल्या हक्काची. रोज दोन मिनिटं, तरी पुष्कळ झाली. ते त्याच आठवड्यात वाईला आले आणि पावणेसहाच्या आधी दाराबाहेर उभे राहिले. आत गाणं बंद झालं. त्यांनी लगेच दार उघडलं.

शुभांगी पेटी पुसत होती. ती दचकली. पेटी मागे ढकलून ती तिच्यापुढं उभी राहिली, दोन्ही हात पाठीशी, पदर पसरलेला. "अहो, आज लवकर?" ती हसण्याचा प्रयत्न करत होती. "खालच्या पिंगेबाई लावतात. मी सांगते त्यांना."

"शुभा, मला माहीत आहे. तू लाव. मला चालतं."

तिच्या चेहऱ्यावर त्या शब्दांचा काहीच परिणाम झाला नाही. असं बोलणारा मुकुंद तिच्या कुठल्याच आठवणीत बांधलेला नव्हता. तिला फक्त भीती वाटत होती. बायको आपल्याला घाबरते आहे, आपली दोन मिनिटं म्हणजे तिची ही भीती आहे, हे मुकुंदराव उघड्या डोळ्यांनी बघत राहिले. मग दोन मिनिटं संपली. भीती का वाटते ते ती विसरली, पण पेटीपुढून हलली नाही. काय लपवायचं ते न कळता ती तशीच हात पाठीशी धरून उभी राहिली, नंदानं येऊन तिला पलंगावर बसवेपर्यंत.

मुकुंदराव त्यानंतर वाईला गेले नाहीत. घरातले कर्णेही त्यांनी काढून ठेवले, मारवा, भूप सगळं बंद. साडेसहाला फोन मात्र रोज यायचा.

"आज?" त्यांनी विचारलं.

"दिवस छान गेला. पावणेसहाला बंद केलंन. बसली आहे दाराकडं बघत."

"कोणाची वाट बघते, सांगते का?"

"पहिली दोन मिनिटं सांगते. मग नाही सांगता येत तिला. पण बघत बसते."

"किती वेळ बसते?"

"झोपेपर्यंत, भावोजी."